ज्युएल, बीट, पॅराशॉक : चावीच्या घड्याळाची परिभाषा

ऑनलाइन विकायला ठेवलेल्या एखाद्या घड्याळाखालची ओळ वाचा : 'ऑटोमॅटिक, एनएच३५ मूव्हमेंट, २४ ज्युएल, २१,६०० बीपीएच, ४१ तास पॉवर रिझर्व्ह, सफायर काच, १० एटीएम, लग-टू-लग ४७ मिमी.' ठाण्यात गोखले रोडवर किंवा राममारुती रोडवर एखाद्या दुकानात शिरलात तर विक्रेता हीच ओळ घडाघडा म्हणून दाखवतो. 'म्हणजे नक्की काय हो?' असं विचारलं की 'सर, टॉप क्वालिटी आहे' यावर विषय संपतो.

हे शब्द पाठ करत बसायची गरज नाही. मेकॅनिकल घड्याळातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्यातरी जुन्या तक्रारीवरचा इलाज आहे. घर्षण होतंय, उन्हाळ्यात मागे पडतंय, पडलं की बंद होतंय, आडवं ठेवलं की पुढे आणि उभं ठेवलं की मागे जातंय. तक्रार ठाऊक असली की शब्द लक्षात राहतो, आणि कुठला इलाज आपल्या कामाचा, कुठला नुसता मिरवायचा, हेही कळतं. म्हणून कॅटलॉगचा क्रम सोडून तक्रारींच्या क्रमाने जाऊ.

सुरुवात ताकदीपासून. घड्याळात सेल नाही, मग काटे फिरवतं कोण? एक पोलादी पट्टी. रुंदीला एक-दीड मिलिमीटर, लांबीला साधारण फूटभर, गुंडाळी करून एका चपट्या गोल डबीत बसवलेली. पट्टीचं नाव मेनस्प्रिंग, डबीचं बॅरल. चावी देताना आपण बोटांनी जो खाचांचा गुंडा फिरवतो तो क्राउन. दुरुस्तीवाले त्यालाही चावीच म्हणतात. फिरवताना जी करकर ऐकू येते ती स्प्रिंगची नसते. बॅरलवरच्या दातेरी चाकाला एक बारीक खिटी टेकलेली असते, तिला क्लिक म्हणतात. ती चाकाला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही, आणि दात ओलांडताना वाजते. एवढी खिटी तुटली की भरलेली सगळी चावी क्षणात सुटते.

ऑटोमॅटिकमध्ये हेच सगळं असतं, फक्त मागच्या बाजूला अर्धगोल वजन जादा बसवलेलं असतं. तो रोटर. हात हलला की तो गरगरतो आणि आतून चावी भरत राहतो. दिवसभर खुर्चीत बसून कीबोर्ड बडवणाऱ्याच्या मनगटावर तो पुरेसा फिरेलच असं नाही. अशा माणसाने सकाळी क्राउन वीस-तीस वेळा फिरवून घ्यावा. मात्र काही जुन्या ऑटोमॅटिकमध्ये हाताने चावी देण्याची सोयच नसते.

इथे एक गैरसमज. 'जास्त चावी दिली म्हणून घड्याळ बंद पडलं' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं बाहेरचं टोक बॅरलच्या भिंतीवर घसरतं, त्यामुळे जास्त चावी बसतच नाही. हाताने चावी द्यायच्या घड्याळात शेवटी बोटांना अडकल्यासारखं लागतं. तिथे थांबलं की झालं. चावी पूर्ण भरलेली आहे आणि तरी घड्याळ बंद आहे, याचा अर्थ आतलं तेल वाळलंय किंवा कचरा बसलाय. दोष चावी देणाऱ्याचा नाही.

पॉवर रिझर्व्ह म्हणजे पूर्ण भरलेली चावी किती तास पुरते ते. ४१ तासांचं घड्याळ शुक्रवारी रात्री नऊला काढून ठेवलंत तर रविवारी दुपारी दोनच्या सुमारास थांबणार, आणि सोमवारी लोकल पकडायच्या घाईत आधी वेळ लावत बसावं लागणार.

आता ही ताकद काट्यांपर्यंत कशी जाते? चक्रांच्या साखळीने. बॅरल अगदी संथ, कित्येक तासांत एक फेरा घेतो. पुढचं सेंटर व्हील तासाला एक फेरा, म्हणून मिनिटकाटा त्याच्या जोरावर. मग थर्ड व्हील, मग फोर्थ व्हील; ते मिनिटाला एक फेरा घेतं, त्याच्यावर सेकंदकाटा. तासकाट्यासाठी डायलखाली बारास एक अशी वेगळी जोडणी. मध्ये एक नळीसारखा भाग असतो, कॅनन पिनियन. तो घट्टही असतो आणि जोर लावला तर घसरतोही. या घसरण्यामुळेच आपण क्राउन ओढून काटे फिरवतो तेव्हा मागची चक्रं दुखावत नाहीत. वेळ लावल्यावर काटे ढिले वाटले, वेळ मागे पडली पण टिकटिक व्यवस्थित चालू आहे, तर संशय इथे घ्यायचा.

ही साखळी मोकळी सोडली तर मेनस्प्रिंग काही क्षणांत सगळी ताकद ओतून रिकामी होईल आणि काटे भिरभिरतील. तिला रोखायचं, आणि ठरलेल्या अंतराने थोडं थोडं सोडायचं. घड्याळ म्हणजे खरं तर एवढंच, आणि या कामाचं नाव एस्केपमेंट.

टिकटिक कुठून येते

मागचं झाकण उघडलं की एक चाक डावी-उजवीकडे वेड्यासारखं झुलताना दिसतं. ते बॅलन्स व्हील. त्याच्या पोटाशी अतिशय पातळ, सपाट वेटोळं असतं, ती हेअरस्प्रिंग. चाक एका बाजूला गेलं की वेटोळं त्याला परत खेचतं, दुसऱ्या बाजूला गेलं की पुन्हा परत. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान ह्युजेन्सने १६७५ साली हे वेटोळं घड्याळात बसवलं आणि खिशातल्या घड्याळांची चूक तासांवरून मिनिटांवर आली. त्याआधी इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनेही अशीच कल्पना मांडली होती आणि दोघांचा त्यावरून चांगलाच वाद झाला.

या वेटोळ्याची गंमत अशी की झोका मोठा असो की लहान, लागणारा वेळ जवळजवळ तोच. पण कुठलाही झोका आपोआप मंदावतो. पाळण्यातलं बाळ झोपवणारी आजी काय करते? पाळणा मधोमध आला की दोरीला हलका हिसका, आणि मग हात सोडून मोकळी. आधी किंवा नंतर हिसका दिला तर पाळण्याची लय बिघडते. घड्याळात हे काम पॅलेट फोर्क करतो. हा दोन बाहूंचा चिमुकला दांडा. एका टोकाला दोन माणकाचे तुकडे, दुसऱ्या टोकाला खाच. बॅलन्स मधोमध आला की त्याची पिन खाचेत शिरते, फोर्क हलतो, एस्केप व्हीलचा एक दात सुटतो, सुटता सुटता फोर्कमार्फत बॅलन्सला धक्का देतो, आणि लगेच पुढचा दात दुसऱ्या माणकावर जाऊन आदळतो. आपण जी 'टिक' म्हणतो ती मुख्यतः या आदळण्याची, म्हणजे चाक थांबल्याची. ही लिव्हर एस्केपमेंट थॉमस मज नावाच्या इंग्रज कारागिराने १८व्या शतकाच्या मध्यावर काढली. आज मनगटावरच्या बहुसंख्य मेकॅनिकल घड्याळांत तिचेच वंशज आहेत.

आता बीपीएच, म्हणजे तासाला किती बीट. बॅलन्सचं एका बाजूला जाणं हा एक बीट. १८,००० म्हणजे सेकंदाला ५, २१,६०० म्हणजे ६, २८,८०० म्हणजे ८. एस्केप व्हीलला बहुधा १५ दात असतात आणि एक दात दोन बीटमध्ये पुढे सरकतो. म्हणजे १८,०००च्या घड्याळात ते चाक सहा सेकंदांत एक फेरा घेतं. सेकंदकाटा 'सरपटत' चालतो असं आपण म्हणतो, पण तोही उड्याच मारतो. फक्त सेकंदाला पाच, सहा किंवा आठ, त्यामुळे डोळ्याला सलग वाटतं.

बीट जास्त तर चांगलं का? धक्का बसला तर वेगाने झुलणारं बॅलन्स लवकर सावरतं, म्हणून थोडंफार हो. झेनिथ या स्विस कंपनीने १९६९ मध्ये 'एल प्रिमेरो' हे ३६,००० बीटचं मशीन (म्हणजेच मूव्हमेंट, घड्याळाच्या आतलं यंत्र) काढलं, सेकंदाला दहा. पण वेग वाढला की झीज वाढते, तेलाची परीक्षा होते आणि ताकद जास्त लागते. माझ्या मते २१,६०० आणि २८,८०० यांतल्या फरकासाठी कुणी दहा हजार जादा मोजू नयेत. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. बीटच्या शर्यतीत उतरायचं असेल तर आठशे रुपयांचं सेलचं घड्याळ केव्हाच जिंकलंय.

तक्रारी आणि इलाज

घर्षण. चक्रांचे आस पितळी भोकांत फिरले की भोक झिजतं, लांबट होतं. १७०४ साली लंडनमध्ये निकोलस फातिओ आणि दबोफ्र बंधूंनी माणकाला भोक पाडून त्यात आस फिरवायचं पेटंट घेतलं. माणिक कठीण, गुळगुळीत, आणि तेल धरून ठेवतं. १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हेर्नय याने भट्टीत कृत्रिम माणिक बनवायची रीत जाहीर केली आणि हे खडे मातीमोल झाले. तेव्हा '१७ ज्युएल' ऐकून घड्याळात रत्नं आहेत या भ्रमात राहू नका. सतराचा हिशेब मात्र चोख आहे : बॅलन्सच्या दोन्ही टोकांना दोन-दोन, त्याच्या पिनचा एक, पॅलेटचे दोन, इथे सात झाले. मग पॅलेट, एस्केप, फोर्थ आणि थर्ड यांच्या आसांना दोन-दोन, पंधरा. सेंटर व्हीलचे दोन, सतरा. हाताने चावी द्यायच्या साध्या घड्याळाला यापुढे फारशी गरज नाही. ऑटोमॅटिकला रोटरच्या चक्रांसाठी आणखी काही लागतात, म्हणून २१, २४, २५. त्यापुढचे आकडे संशयाने बघा. १९६०च्या दशकात जपानच्या ओरिएंटने तब्बल १०० ज्युएलचं घड्याळ विकलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच खड्यांना डायलवरचा आकडा वाढवण्यापलीकडे काम नव्हतं.

उष्णता. साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग तापली की मऊ पडते आणि घड्याळ मागे जातं, अंशामागे दिवसाला साधारण दहा-अकरा सेकंद. ठाण्यातला मे महिना आणि एसी ऑफिस यांत दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे दिवसाला दोन-अडीच मिनिटं गेली. स्विस शास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोमने निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू शोधले की तापमानाचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं. आज 'निव्हारॉक्स' असा शब्द दिसला तर तो याच घराण्यातल्या हेअरस्प्रिंगचा.

धक्का. बॅलन्सच्या आसाचं टोक दशांश मिलिमीटरच्या आतबाहेर असतं. घड्याळ बाथरूमच्या लादीवर पडलं की पहिल्यांदा तेच मोडायचं. इलाज असा की टोकाखालचा खडाच एका छोट्या स्प्रिंगवर बसवायचा, म्हणजे धक्का बसला की तो थोडा सरकतो आणि जागेवर येतो. स्विस लोकांचं इंकाब्लॉक, जपानी सिटिझनचं पॅराशॉक. एचएमटीच्या डायलवर '१७ ज्युएल्स' बरोबर 'पॅराशॉक' हा शब्द वर्षानुवर्षं छापला गेला, कारण एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरात घड्याळं बनवायला घेतली ती सिटिझनच्याच मदतीने. आपल्याकडच्या हजारो बापांनी आणि काकांनी तो शब्द चाळीस वर्षं मनगटावर वागवला.

चुंबक. लोखंडाचा अंश असलेल्या हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढे पळतं. दिवसाला पाच-दहा मिनिटं अचानक पुढे जाऊ लागलं तर आधी हेच तपासा. मोबाइलचं कव्हर, ब्लूटूथ स्पीकर, बॅगेचं चुंबकी बटण, कुठूनही लागतं. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून घड्याळ जवळ नेलं आणि सुई हलली तर शंका पक्की. दुरुस्तीवाल्याकडे डिमॅग्नेटायझर असतो, काम मिनिटाभराचं. कायमचा इलाज म्हणून आता हेअरस्प्रिंग आणि एस्केपमेंट सिलिकॉनची बनवतात. युलिस नार्दाँ या स्विस कंपनीने २००१ मध्ये 'फ्रीक' या घड्याळात सिलिकॉनची चक्रं घातली तेव्हापासून ही वाट रुळली.

आणि शेवटची तक्रार स्थितीची. ती वाचून कळत नाही, बघावी लागते. जांभळी नाक्याजवळ एका जिन्याखाली घड्याळ दुरुस्तीचं टेबल आहे. वडिलांची एचएमटी जनता घेऊन मी तिथे गेलो होतो.

'काका, रोज मागे पडतंय हे.'

'किती?'

'अर्धा मिनिट तरी.'

'रात्री काढून कसं ठेवता? आडवं की उभं?'

मी सांगायच्या आत त्यांनी घड्याळ एका चिमट्यात धरून छोट्या यंत्रावर चढवलं. या यंत्राला टाइमग्राफर म्हणतात. चिमट्यात मायक्रोफोन असतो, तो टिकटिक ऐकतो आणि पडद्यावर ठिपक्यांची रेघ काढतो. रेघ आडवी सरळ असेल तर वेळ बरोबर, वर चढली तर पुढे, खाली उतरली तर मागे. डायल वर ठेवली तेव्हा आकडे आले : दिवसाला उणे ६ सेकंद, ॲम्प्लिट्यूड २७०. ॲम्प्लिट्यूड म्हणजे बॅलन्स मध्यापासून किती अंश झुलतो ते. आडव्या स्थितीत २७० ते ३०० म्हणजे तब्येत उत्तम. मग काकांनी चिमटा फिरवून घड्याळ उभं केलं, क्राउन खाली. रेघ लगेच कलली. उणे २२, ॲम्प्लिट्यूड २३५.

'उभं धरलं की दमतं ते,' काका म्हणाले, आणि डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण काढायला घेतलं.

दमण्याचं कारण साधं आहे. आडव्या स्थितीत बॅलन्सचा आस एका टोकावर उभा असतो, घर्षण नावापुरतं. उभं केलं की आसाची दोन्ही टोकं कडेने खड्यांवर घासतात, झोका लहान होतो. शिवाय बॅलन्सचं वजन एका बाजूला कणभर जास्त असेल तर उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षण त्याला ओढतं. स्क्रीनवर तिसरा आकडा होता तो बीट एरर : डावीकडचा झोका आणि उजवीकडचा झोका यांच्या वेळेतला फरक, मिलिसेकंदात. एकच्या आत असला की बरं. काकांनी तो भिंगाखाली एक पट्टी जेमतेम दिसेल न दिसेल एवढी सरकवून ०.३ वर आणला.

या स्थितीच्या तक्रारीवरचा सगळ्यात प्रसिद्ध इलाज म्हणजे टुर्बियाँ. अब्राहम-लुई ब्रेगेने १८०१ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. खिशातलं घड्याळ दिवसभर उभंच असायचं. तर बॅलन्स आणि एस्केपमेंट हे सगळं एका पिंजऱ्यात घालून तो पिंजराच फिरवत ठेवायचा, बहुधा मिनिटाला एक फेरा, म्हणजे सगळ्या उभ्या बाजूंची चूक सरासरीत मिटते. कल्पना अफाट आहे आणि कारागिरी डोळे फिरवणारी. पण मनगट एका जागी उभं राहत नाही, ते दिवसभर स्वतःच फिरत असतं. तेव्हा आजच्या मनगटी टुर्बियाँसाठी जे लाखो रुपये मोजले जातात ते वेळेसाठी नव्हेत, कौशल्यासाठी आणि दिखाव्यासाठी. ते मोजायला हरकत नाही. विक्रेत्याने 'जास्त अचूक' असं सांगितलं तर मान डोलावू नका, एवढंच.

अचूकतेचं प्रमाणपत्र हवं असेल तर शब्द वेगळा आहे : क्रोनोमीटर. स्वित्झर्लंडमधली सीओएससी ही संस्था मशीन पाच स्थितींत आणि तीन तापमानांत पंधरा दिवस तपासते. सरासरी चूक दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसली तर ते क्रोनोमीटर. दिवसात ८६,४०० सेकंद असतात हे लक्षात घेतलं तर दहा सेकंद चुकणारं घड्याळही ९९.९८ टक्क्यांहून अधिक बरोबर आहे. क्रोनोमीटरची गल्लत बहुतेक लोक क्रोनोग्राफशी करतात. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, बाजूला दोन बटणं आणि डायलवर लहान डायली. अचूकतेशी त्याचा काही संबंध नाही.

डायलवरची आणि डायलभोवतीची भाषा

वेळ सांगण्यापलीकडचं जे काही घड्याळ करतं त्याला कॉम्प्लिकेशन म्हणतात. तारीख हे सगळ्यात साधं. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात बहुतेक घड्याळांत तारीख बदलायची चक्रं एकमेकांत गुंतलेली असतात. तेव्हा क्राउनने तारीख पुढे ढकलली तर दात मोडू शकतो. काटे डायलच्या खालच्या बाजूला, सहाच्या आसपास आणून मग तारीख लावा.

क्रोनोग्राफच्या कडेला ४००, २००, १२०, ८०, ६० असे आकडे असतात तो टॅकीमीटर. एक किलोमीटरचा दगड गेला की बटण दाबायचं, पुढचा आला की थांबवायचं. सेकंदकाटा जिथे असेल तो आकडा म्हणजे तासाचा वेग. ४५ सेकंद लागले तर ८०. पट्टी ६०ला संपते, कारण त्याहून सावकाश गाडीला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सातला या पट्टीचा काय उपयोग, ते तुम्हीच ठरवा.

मूनफेज मात्र मला मनापासून आवडतो. साध्या मूनफेजमध्ये ५९ दातांचं चाक असतं, त्यावर दोन चंद्र, म्हणजे एका चांद्रमासाला २९.५ दिवस. खरा चांद्रमास आहे सुमारे २९.५३०६ दिवसांचा. हा उरलेला तुकडा साठत साठत साधारण पावणेतेहतीस चांद्रमासांत पुरा एक दिवस होतो. आपला अधिक मासही साधारण साडेबत्तीस महिन्यांनीच येतो. पण कारणं पूर्ण वेगळी, आकडे जवळ येणं हा निव्वळ योगायोग. १३५ दातांच्या चाकाला एक दिवस चुकायला १२२ वर्षं लागतात. तरीही संकष्टीला उपास सोडायला मूनफेज कामाचा नाही. तो तिथीचा अंदाज देतो, चंद्रोदयाची वेळ देत नाही. त्यासाठी भिंतीवरचं कालनिर्णयच.

पर्पेच्युअल कॅलेंडर हे लीप वर्षासकट तारखा सांभाळतं. २१०० हे लीप वर्ष नाही, त्यामुळे बहुतेक पर्पेच्युअल घड्याळांना तेव्हा हाताने दुरुस्ती लागेल. आपल्यापैकी कुणाला त्याची काळजी करायची नाही.

बाहेरच्या शब्दांत सगळ्यात उपयोगी शब्द कुठला म्हणाल तर लग-टू-लग. केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, पट्टा अडकवायचे जे चार पाय असतात ते लग. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त असेल तर घड्याळ कितीही सुंदर असो, ते हाताबाहेर लोंबतं. लोक केसचा व्यास बघून फसतात. दोन लगांमधलं अंतर, १८ किंवा २० मिलिमीटर, हे पट्ट्याचं माप.

काच तीन प्रकारची. ॲक्रिलिक म्हणजे दुरुस्तीवाल्यांची 'प्लॅस्टिक काच' : चरे लगेच पडतात, पण टूथपेस्टने घासून निघतात आणि काच सहसा फुटत नाही. मिनरल म्हणजे साधी कडक केलेली काच. सफायर कृत्रिम नीलमच असतो, हिरा वगळता फारसं काही त्याला चरा पाडू शकत नाही; मात्र कडेवर जोरात आपटला तर ठिकऱ्या. काचेभोवतीची कडी म्हणजे बेझल.

काट्यांना आकारावरून नावं : सरळ पट्टीसारखा बॅटन, मधोमध कणा असलेला टोकदार डॉफिन, टोकाशी पोकळ चंद्र असलेला ब्रेगे. निळे काटे खरे असतील तर ते रंगवलेले नसतात. घासून चकचकीत केलेलं पोलाद ३०० अंशांच्या जवळ तापवलं की निळं होतं. असा काटा एका कोनातून काळा दिसतो आणि हात हलवला की निळा चमकतो. रंगवलेला काटा सगळीकडून सारखाच निळा. रोमन आकड्यांच्या डायलवर चारच्या जागी चार उभ्या रेघा दिसल्या तर ती छपाईची चूक समजू नका, ती जुनी रीत आहे.

अंधारात चमकणाऱ्या लेपाला ल्यूम म्हणतात. आज वापरतात तो सुपर-ल्युमिनोव्हा, १९९३ मध्ये नेमोतो या जपानी कंपनीने काढलेल्या रसायनातून आलेला. आधी उजेड पितो, मग तो सोडतो. त्याच्या फार आधी रेडियम वापरायचे. आजोबांच्या घड्याळातलं रेडियम आता चमकत नसलं तरी किरणोत्सारी आहेच, तेव्हा अशी डायल खरवडत बसू नका.

ठाण्याच्या पावसात एटीएमचा अर्थ कळलेला बरा. ३ एटीएम, म्हणजे ३० मीटर, हे स्थिर पाण्याच्या दाबाचं माप. त्याने तीस मीटर खोल जाता येत नाही, हात धुणं आणि सरी झेलणं एवढंच होतं. पोहायचं तर १० एटीएम. आणि हे सगळं गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची रबरी रिंग, मऊ आहे तोवरच. दहा वर्षांची रिंग कडक झालेली असते, मग डायलवर काहीही छापलेलं असो. क्राउन स्क्रूचा असेल तर तो आवळून घ्या. बहुतेक घड्याळांत पाणी तिथूनच शिरतं.

आता जुन्या घड्याळांबद्दल, कारण हल्ली तीही भरपूर विकली जातात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली आणि तेव्हापासून जनता, पायलट यांना भाव आला. ऑनलाइन 'अनयूज्ड, ओरिजिनल' म्हणून येणारी बरीच घड्याळं नव्याने रंगवलेली असतात. जगभरच्या संग्राहकांत याला नावच पडलंय : 'मुंबई स्पेशल'. आत जुनं खरं मशीन, तीन घड्याळांतून गोळा केलेलं. वर भडक केशरी किंवा निळी नवी डायल, जी त्या कंपनीने कधी काढलीच नव्हती. फाव्र-ल्युबा, सायको ५, एचएमटी, सगळ्यांवर हा प्रयोग होतो. याला रीडायल म्हणतात.

ओळखायचं कसं? डायलचा मोठा फोटो मागा. कंपनीची छपाई बारीक, धारदार, सारख्या जाडीची असते. हाताने केलेली जाड आणि कडेला फुललेली. मिनिटांच्या रेघा आणि बसवलेल्या खुणा एका रेषेत आहेत का बघा. सहाच्या खालचा 'स्विस मेड' किंवा 'जपान'वाला बारीक मजकूर गायब असेल किंवा वेडावाकडा असेल तर पुढे बघायची गरज नाही. काट्यांवरचा ल्यूम हिरवागार आणि डायलवरचा पिवळट, हेही लक्षण. मग मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा आणि त्यावरचा कॅलिबर नंबर, म्हणजे मशीनचं नाव (सुरुवातीच्या ओळीतलं एनएच३५ हे असंच), त्या मॉडेलशी ताडून बघा. विकणारा झाकण उघडायला तयार नसेल तर सौदा तिथेच सोडा. आणि रीडायल घड्याळ आवडलंच तर रीडायलच्या भावाने घ्या, वर सर्व्हिसिंगचे पैसे बाजूला ठेवा. आतलं तेल बहुतेक वेळा कुणी बदललेलं नसतं.